नंबर लागला

‘नंबर लागला’ या दोन शब्दांच्या मराठी वाक्यातून किमान सहा वेगवेगळे अर्थ निघतात. दवाखान्याच्या ओसरीवर तो पाळी आल्याचा निरोप असतो, तर आदिवासी वसतिगृहाची यादी लागते तेव्हा प्रवेश मिळाल्याची बातमी. सातपुड्यातल्या एखाद्या टेकाडावर मोबाइल कानाला लावलेल्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ फोन जोडला गेला असा होतो. सातवीतल्या मुलीला नंबर लागला म्हणजे तिला चष्मा आला. लॉटरीचे तिकीट काढणाऱ्याचा नंबर लागला म्हणजे त्याला बक्षीस मिळाले. आणि कचेरीत दोघे निलंबित झाल्यावर तिसऱ्याकडे बघून कुणी ‘आता याचा नंबर लागणार’ म्हणतो, तेव्हा त्यात खवचटपणा असतो.

यातला ‘नंबर’ इंग्रजी, पण अर्थ पालटण्याचे काम ‘लागणे’ या मराठी क्रियापदाने केले आहे. सोबतचे क्रियापद बदलले की शब्द आणखी वेगळा बोलू लागतो. नंबर लावणे म्हणजे रांगेत जागा धरणे, काढणे म्हणजे डोळे तपासून भिंगाचे माप ठरवणे, टाकणे म्हणजे झाडावर किंवा घराच्या चौकटीवर आकडा रंगवणे, पटकावणे म्हणजे स्पर्धेत वर येणे. इंग्रजीत यांतल्या बहुतेक अर्थांना स्वतंत्र शब्द आहेत. मराठीने एकच शब्द उचलला आणि बाकीचे काम घरच्या क्रियापदांवर सोपवले.

मूळ शब्द लॅटिनमधला ‘न्युमेरस’. फ्रेंचमध्ये त्याचा ‘नॉम्ब्र’ झाला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. मधला ‘ब’ लॅटिनमध्ये नव्हता, तो फ्रेंचांनी घातलेला. जुन्या मराठी कागदांवर ‘नं.’ अशी खूण असते, तर इंग्रजीत ‘एन’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे. ती ‘न्युमेरो’ या लॅटिन रूपाचा संक्षेप आहेत, म्हणूनच ‘नंबर’ या इंग्रजी शब्दात ‘ओ’ नसूनही संक्षेपात तो दिसतो. इंग्रजीत या शब्दाला संख्या, आकडा, क्रमांक, मासिकाचा अंक, व्याकरणातले वचन, कार्यक्रमातले गाणे आणि ‘बरेचसे’ असे अर्थ आहेत. मराठीने ते सगळे घेतले नाहीत. मोजायच्या गोष्टीसाठी ‘संख्या’, लिहायच्या खुणेसाठी ‘अंक’ आणि ‘आकडा’, व्याकरणासाठी ‘वचन’ असे शब्द घरात होतेच. गाण्याचा अर्थ फक्त सिनेमाच्या पानांपुरता, ‘आयटम नंबर’ म्हणून आला. मराठीला उणीव होती ती वेगळ्याच ठिकाणी. एखाद्या वस्तूला, जागेला किंवा माणसाला ओळखण्यासाठी सरकारने चिकटवलेला आकडा नवा होता, आणि त्याला रोजच्या बोलण्यात सुटसुटीत शब्द नव्हता.

हा आकडा खेड्यापर्यंत पोचवण्यात जमीन मोजणीचा वाटा मोठा होता. एच. ई. गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात नव्या धर्तीची मोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम मुंबई इलाख्यासाठी पक्के झाले. प्रत्येक शेताला हद्दीचे दगड, प्रत्येक शेताची वेगळी सारा-आकारणी आणि प्रत्येक शेताला एक सर्व्हे नंबर. एका बैलजोडीला कसता येईल एवढी जमीन हे त्या नंबराचे ढोबळ माप मानले गेले. खानदेशात लोकांनी हे निमूटपणे स्वीकारले नाही. १८५२ मध्ये सावदा-यावल भागात मोजणीविरुद्ध जमाव उभे राहिले आणि सरकारला लष्कर आणावे लागले. तरी मोजणी थांबली नाही.

पुढे दोनतीन पिढ्यांत गंमत झाली. ज्या शब्दाने सरकार शेताला ओळखत होते, त्याच शब्दाने शेतकरीही ओळखू लागला. आज खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात ‘खालच्या नंबरात कापूस लावला’, ‘तो सात एकराचा नंबर विकला’ असे सर्रास बोलले जाते. इथे नंबर म्हणजे आकडा नव्हे, तर प्रत्यक्ष जमीन, बांधासकट आणि विहिरीसकट. खेड्यातल्या तोंडी तो ‘लंबर’ होतो, अहिराणी बोलणारे ‘लंबर उना का?’ असे विचारतात. उत्तर हिंदुस्थानात हेच रूप एका पदाला चिकटले. सरकारी यादीत ज्याच्या नावापुढे नंबर आणि साऱ्याची जबाबदारी, तो गावप्रमुख ‘लंबरदार’ झाला.

सर्व्हे नंबराच्या पोटात वाटण्या झाल्या तसे हिस्सा नंबर आले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर ज्या गावांत योजना राबवली गेली तिथे गट नंबर आले. त्यामुळे आजोबांच्या खरेदीखतातला नंबर आणि नातवाच्या उताऱ्यावरचा नंबर जुळत नाही, आणि अर्धे दिवाणी दावे तिथूनच उगवतात असे वकील अर्ध्या थट्टेने म्हणतात. ज्याला ‘सातबारा’ म्हणतात तो उतारासुद्धा दोन नंबरांचीच जोडी आहे. गाव नमुना नंबर सात म्हणजे हक्काची नोंद आणि नमुना नंबर बारा म्हणजे पिकांची नोंद. तलाठ्याच्या दप्तरातले नमुना सहा म्हणजे फेरफार आणि आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन. जगातल्या किती भाषांत जमिनीच्या मालकीचे नाव दोन फॉर्मांच्या नंबरांवरून पडले असेल, हा प्रश्न कुतूहलाचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात मात्र ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. काठी, चिखली, गव्हाळी अशी मेहवासी संस्थाने इथल्या मुलखात होती, आणि डोंगरातली बरीचशी जमीन वन खात्याच्या नकाशात होती. तिथे शेताची ओळख सर्व्हे नंबराने होत नाही. वन खात्याचे जंगल ज्या तुकड्यांत विभागलेले असते त्यांना ‘कंपार्टमेंट नंबर’ म्हणतात, कागदावर कक्ष क्रमांक. पिढ्यानपिढ्या नांगरलेली जमीन त्या कक्षाच्या पोटात असे आणि कसणाऱ्याच्या नावावर काहीच नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनच्या आदिवासी वहिवाटीला मान्यता देण्याची वाट काढली, चार हेक्टरांच्या मर्यादेत. दाव्याच्या कागदात कक्ष क्रमांक, मोजलेले क्षेत्र आणि चतु:सीमा लिहावी लागते. डोंगरातल्या माणसाला शेताचा ‘नंबर’ मिळणे म्हणजे काय, हे सपाटीवरच्या वाचकाला सहज कळणार नाही. सपाटीवर नंबर आधी आला आणि भांडणे मागून. इथे नंबरासाठीच भांडावे लागले.

ओळखीच्या आकड्यानंतर नंबराचा दुसरा मोठा अर्थ म्हणजे क्रमातली जागा, आणि त्याचे उत्तम उदाहरण खुद्द अक्कलकुवाच आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुवा एक नंबरला आहे. लोकसभेच्या ४८ मतदारसंघांत नंदुरबार एक नंबरला. दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. निवडणुकीच्या निकालाचे कोणतेही पुस्तक उघडले की पहिली ओळ इथली. नर्मदाकाठचे मणिबेली हे याच तालुक्यातले गाव राज्याचे पहिले मतदान केंद्र म्हणून ओळखले जाते. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यामुळे तिथे मतदानयंत्रे घेऊन कर्मचाऱ्यांना बोटीने जावे लागते. या धरणाखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली. त्यांत सर्वांत आधी पाणी पाहणाऱ्यांत मणिबेलीचे नाव येते, आणि मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारे १९९४ चे आंतरराष्ट्रीय घोषणापत्रही याच गावाच्या नावाने ओळखले जाते.

हा पहिला नंबर कुणी मिळवलेला नाही. मतदारसंघांची पुनर्रचना करताना राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करून नागमोडी वळणे घेत दक्षिणेला उतरायचे, अशी पद्धत होती. राज्याच्या नकाशात वायव्य टोकाला जे आहे ते एक नंबरला आले आणि सांगली जिल्ह्यातले जत २८८ वर गेले. २००८ च्या पुनर्रचनेआधी मोजणी उलट्या टोकापासून होती. तेव्हा विधानसभेच्या यादीत सावंतवाडी पहिले होते आणि लोकसभेच्या यादीत राजापूर. आज सावंतवाडीचा नंबर २७० आहे. गाव जागचे हलले नाही, फक्त मोजणाऱ्याने सुरुवात दुसरीकडून केली.

इथे नंबराच्या दोन अर्थांत गल्लत होते, आणि ती भाषणांत हमखास ऐकू येते. क्रमाचा नंबर वेगळा आणि गुणाचा नंबर वेगळा. पहिला यादीतली जागा सांगतो, दुसरा तुलनेतली. तुलनेत नंदुरबार जिल्ह्याची स्थिती अगदी दुसरी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२ टक्क्यांवर, आणि नंदुरबार राज्यात शेवटी होते. मानव विकासाच्या राज्य अहवालातही जिल्हा तळाशी होता. २०१८ मध्ये केंद्राने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांतही नंदुरबार आहे. ‘एक नंबरचा मतदारसंघ’ हे शब्द कानाला गोड लागतात, पण त्या नंबराने आश्रमशाळेला शिक्षक मिळत नाही.

तिसरा अर्थ पाळीचा. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणाऱ्या जीपगाड्यांच्या थांब्यावर तो उघड दिसतो. देवगोई घाट चढायचा असल्याने गाडी भरल्याशिवाय कुणी हलत नाही. ज्याची गाडी आधी येऊन उभी राहिली त्याचा नंबर पहिला. ती भरून निघाली की मागची पुढे सरकते आणि ‘नंबरला लागते’. नंबर नसलेल्या गाडीने सवारी उचलली तर लगेच आवाज चढतात. कुठे लिहिलेला कागद नसतो, आकडाही नसतो. असते फक्त सगळ्यांनी मान्य केलेली जागा. दवाखान्यात तर माणूस नसतानाही त्याचा नंबर असतो. चप्पल, पिशवी किंवा केसपेपर रांगेत ठेवून बाजार करून येणारे लोक ‘नंबर लावून आलो’ म्हणतात आणि त्यांचा दावा चालतोही. घरातली भावंडेही याच हिशेबाने मोजली जातात. ‘दोन नंबरचा मुलगा सुरतला असतो’ यात मुलाच्या गुणाविषयी काहीच नाही, तो दुसरा जन्मला एवढेच.

ओळखीच्या नंबराचा पसारा गेल्या पन्नास वर्षांत वाढला. टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. अक्कलकुव्याचा पिन ४२५४१५. त्यातला पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या टापूचा आणि शेवटचे तीन आकडे टपाल कचेरीचे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि गाड्यांनाही पुढे एमएच-३९ ही स्वतंत्र ओळख मिळाली. तोवर इथली गाडीही एमएच-१८ म्हणजे धुळ्याचीच. गुजरातची हद्द जवळ असल्याने खापर गावच्या रस्त्यावर राजपीपळ्याच्या जीजे-२२ च्या गाड्याही तितक्याच दिसतात. गाडीच्या नंबराची हौस हा स्वतंत्र विषय आहे. इंग्रजी आकड्यांतले चार-एक-चार-एक जरा वाकडे करून रंगवले की ‘दादा’ वाचता येते, दोन-एक-चारचा ‘राम’ होतो, आठ-शून्य-पाच-पाचचा इंग्रजी ‘बॉस’. आवडीच्या नंबरासाठी परिवहन खात्याकडे जादा शुल्क भरतात आणि मग पाटी नियमाबाहेर रंगवल्याचा दंडही भरतात.

या सगळ्यांवर ताण केली ती आधार नंबराने. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावात एका आदिवासी महिलेला देण्यात आला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला आले होते. पिनकोड जागा सांगतो, तसे हा नंबर काही सांगत नाही. त्यात गाव, जात, जन्मसाल काहीच दडलेले नाही. बारा आकड्यांतला पहिला कधी शून्य किंवा एक नसतो. शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला पहारेकरी आहे. डच गणिती याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो ठरतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले, तर संगणकाला ते तिथल्या तिथे कळते. रेशन, शिष्यवृत्ती, रोजगार हमीची मजुरी या साऱ्यांची वाट आता या नंबरातून जाते. त्यामुळे ‘नंबर जोडला का?’ या प्रश्नाला टेंभलीपासून मोलगीपर्यंत एकच अर्थ आहे.

बोलण्यातल्या नंबराला चांगलेवाईटही कळते. ‘एक नंबर’ ही आजच्या मराठीतली सर्वांत स्वस्त दाद आहे. भाजी, शर्ट, भाषण, माणूस, काहीही एक नंबर असू शकते. तर्काने पाहिले तर ‘दोन नंबर’ म्हणजे त्याहून थोडे कमी चांगले व्हायला हवे होते, पण तसे झाले नाही. सरकारला दाखवायची वही एक आणि खऱ्या हिशेबाची दुसरी, या व्यापारी रीतीतून ‘दोन नंबरचा पैसा’ आणि ‘दोन नंबरचा धंदा’ हे प्रयोग आले. गुजरातेत दारूबंदी आणि महाराष्ट्रात नाही, त्यामुळे हद्दीवरच्या तालुक्यांत ‘दोन नंबरचा माल’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शाळेतल्या पोरांचे ‘एक नंबर’ आणि ‘दोन नंबर’ आणखी वेगळे. बाईंसमोर करंगळी वर करून सांगायची ती गोष्ट.

नंबराला गुन्हेगारीची चव पोलीस ठाण्यानेही दिली. ‘दस नंबरी’ हा हिंदीतून आलेला शब्द ठाण्यातल्या दहा नंबरच्या नोंदवहीवरून पडल्याचे मानले जाते. ‘चारसोबीस’ तर थेट भारतीय दंड संहितेच्या फसवणुकीच्या कलमातून उचललेला. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले. ‘तीनशे अठरा माणूस आहे’ असे अजून कुणी म्हणत नाही. जुगारात मात्र इंग्रजी शब्दाला फारसा शिरकाव मिळाला नाही. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरांवर लोक पैसे लावत. ते दर येणे बंद झाल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका बोकाळला. त्यात लोक नंबर लावत नाहीत, ‘आकडा’ लावतात. जुना मराठी शब्द तिथे ठाण मांडून राहिला.

चष्म्याचा नंबर हा सगळ्यांत गैरसमजाचा धनी. तो डोळ्यांची ताकद सांगतो असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात तो भिंगाची ताकद सांगतो. फ्रेंच नेत्रवैद्य फेर्दिनां मोनोये यांनी १८७२ मध्ये ‘डायऑप्टर’ हे माप सुचवले. त्याआधी भिंगाला त्याच्या नाभीय अंतराच्या इंचांवरून नंबर देत. एक मीटरला नाभीय अंतराने भागले की डायऑप्टर मिळतो. उणे दोन नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते, उणे चार असेल तर पाव मीटरपर्यंतचे. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या अशा मुलीला फळा धूसर आणि वही स्वच्छ. चाळिशीनंतर येणारा अधिक नंबर याच्या उलट कामाचा, तो जवळचे वाचण्यासाठी. रोजच्या व्यवहारातला हा एकच नंबर उणेही असतो आणि पावापावाने वाढतो. चष्मा वापरल्याने नंबर वाढतो ही भीती खेड्यापाड्यांत अजून आहे. तिला आधार नाही. वाढत्या वयात नेत्रगोलाची लांबी वाढते म्हणून उणे नंबर वाढतो, आणि चष्मा न लावणारे मूल फक्त फळ्यापासून दूर राहते.

सरकारी मराठीने या साऱ्यासाठी ‘क्रमांक’ हा शब्द रूढ केला. तो नेटका आहे आणि कागदावर शोभतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक, परीक्षेला बैठक क्रमांक, दारावर घर क्रमांक. पण तो बोलण्यात उतरला नाही, कारण तो या शब्दाचे मोजकेच अर्थ पेलतो. ‘क्रमांक लावून ठेव’ असे दवाखान्यात कुणी सांगत नाही, डोळ्यांना क्रमांक लागत नाही, क्रमांकात कापूस उगवत नाही आणि दोन क्रमांकाचा धंदा कुणी करत नाही. कोशात ‘नंबर’पुढे ‘क्रमांक, संख्या’ एवढेच लिहून थांबणे त्यामुळे अपुरे ठरते. लागणे, लावणे, येणे, काढणे आणि टाकणे ही क्रियापदे शेजारी मांडली, तरच या शब्दाची नोंद पुरी होईल.